पावडरचं पथ्य

१२ जून

ही वही अन्नपूर्णा मॅडमनी दिली. चंद्रपूरच्या ट्रेनिंगमध्ये प्रत्येकीला एक. वर सोनेरी अक्षरात 'माझी यशोगाथा' छापलंय आणि खाली उगवता सूर्य. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, वाईट काही लिहायचं नाही, असा मॅडमचा नियम. रोज तीन चांगल्या गोष्टी माझ्या नशिबात असत्या तर मी पावडर विकायला कशाला निघाले असते? तेव्हा मी वाट्टेल ते लिहिणार आहे.

पहिल्या पानावर नाव, वय, वजन विचारलंय. रीता, त्रेचाळीस, एक्क्याण्णव किलो. 'मला हे का करायचं आहे?' असाही प्रश्न आहे आणि त्याच्यापुढे दोन ओळी जागा. दोन ओळीत मावणार नाही.

मे महिन्यात नणंदेच्या, म्हणजे रुखमाबाईंच्या, मुलाचं लग्न झालं. फोटोला उभे राहिलो तर फोटोग्राफर म्हणतो, "मामी, तुमी जराशा मागं व्हा, नाई त नवरी दिसून नाई राह्यली." सगळा मांडव हसला. रुखमाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? आमचे हे. गुणवंतराव. यांचं स्वतःचं पोट आमच्या भात गिरणीच्या दारातून आधी बाहेर येतं आणि मग हे येतात. पण पुरुषाच्या पोटाला कोणी मागं व्हायला सांगत नाही.

मी मागे झाले. तो फोटो घरी आलाय, कपाटावर पालथा ठेवलाय.

पावडर म्हणजे इसबगोलची भुसी, त्यात गवारीच्या बियांचा गोंद आणि वरून संत्र्याचा वास. गिलासभर पाण्यात ढवळायची आणि पटकन प्यायची, नाही तर गिलासातच खळ होते. पोट भरल्यासारखं वाटतं, भूक कमी लागते, आणि आतड्यातून जाताना ही पावडर कोलेस्टेरॉलला धरून बाहेर नेते. मॅडमनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं. जाड माणसांसाठीच बनवली आहे म्हणाल्या. 'जाड' हा शब्द मी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून प्रेमानं ऐकला.

घरी 'फायबर' छापलेले डबे घेऊन आले तर हे म्हणतात, "फायबर? फायबरची खुर्ची मालूम आहे, फायबरचा दरवाजा मालूम आहे. आता फायबर खाऊ घालतेस का लोकायले?" मी सांगितलं, धान्याच्या कोंड्यासारखं असतं. मग तर विचारूच नका. "कोंडा? गिरणीत ढीग पडला आहे कोंड्याचा. बैल खातात. ने भरून!"

गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला आता हा विनोद ऐकवत असणार.

२० जून

पहिलं गिऱ्हाईक शकुबाई. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. साठीच्या, अंगानं माझ्यासारख्याच, गुडघे धरून चालतात आणि बीपीची गोळी घेतात. डबा हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"पथ्य काय याचं?"

"पथ्य काई नाई. पाणी भरपूर प्याचं."

"काईच नाई? वांगं चालते? आंबट चालते?"

"सगळं चालते."

शकुबाईंनी डबा टेबलावर परत ठेवला. "पथ्य नाई त औषध कायचं व? मंग त हा खाऊच झाला." आणि गेल्या.

रागावून काय करणार, आमच्याकडे हे असंच आहे. आमच्या यांना मुतखडा झाला होता तेव्हा आलापल्लीकडच्या सुकलूभाऊ वैदूंनी कसल्याशा झाडाची साल दिली होती. पथ्य असं, की वांगं नाही, आंबट नाही, आणि साल चालू आहे तोवर दुसरं कोणतंही औषध अंगात जाता कामा नये. सासूबाई म्हणायच्या, जडी रुसते, मग गुण येत नाही. यांना मध्येच ताप भरला, डोकं दुखून रडकुंडीला आले, पण साधी तापाची गोळी घेतली नाही. खडा पडला तेव्हा गावाला, सगळ्या गोंडपिपरीला सांगत फिरले की पथ्य पाळलं म्हणून पडला. मला तेव्हा फार हसू आलं होतं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "रीता, पथ्य हा शब्दच वापरायचा नाही. जुनाट वाटतो. लाइफस्टाइल म्हणायचं." शकुबाईला लाइफस्टाइल सांगायला मॅडमनी एकदा इकडे यावंच.

२३ जून

ट्रेनिंगचा कागद काढून नीट वाचला. त्यात आहे की तळलेलं टाळा, पाणी भरपूर प्या, आणि पावडर व इतर औषधं एकाच वेळी घेऊ नका, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. पावडर पोटात चिकट होते, तिच्यात गोळी अडकून बसते म्हणे.

हे तर चांगलं पथ्य आहे! शकुबाईंकडे गेले आणि तोंडभर सांगितलं, "तळलेलं बंद. लोटाभर पाणी. अन् गोळीसंग चालत नाई."

"असं सांग ना मंग," शकुबाई म्हणाल्या आणि दोन डबे घेतले.

आता माझं हे वाक्य पाठ झालंय. तळलेलं बंद, लोटाभर पाणी, गोळीसंग चालत नाई. म्हणताना आवाज जरा खाली आणायचा. लोकांच्या चेहऱ्यावर लगेच विश्वास दिसतो. मॅडमच्या फळ्यावरच्या चित्रापेक्षा हे वाक्य जास्त विकतं.

७ जुलै

आज सकाळी यांनी पावडर मागितली. मागायची रीत बघा. "दे बाप्पा एक डबा. घरात पडून राह्यले. उंदरं खातीन, त तेवढं मीच खातो."

यांना दोन वर्षांपूर्वी नागपूरला स्टेंट टाकला आहे. तेव्हापासून रक्त पातळ राहायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची अशा गोळ्या चालू आहेत. स्टीलच्या डब्यात ठेवतात, आपल्या हातानं घेतात. मी सुरुवातीला द्यायला जायचे, तर "मी काय लहान आहो?" म्हणून खेकसायचे. मी सोडून दिलं. ज्याची त्याची छाती.

मी पोळ्या लाटत होते. मागून विचारतात, "पथ्य काय?"

मी पाठ केलेलं म्हणून टाकलं.

"गोळीसंग नाई चालत?"

"नाई."

"नक्की?"

"किती वेळा सांगू? शंभर लोकांले सांगून राह्यली, तुमालेच समजत नाई का? नाई चालत म्हणजे नाई चालत!"

पोळी करपली ती करपलीच. थट्टा करायला प्रश्न विचारतात, मला काय कळत नाही? गिलास एका दमात प्यायले आणि तोंड वेडंवाकडं करून गिरणीवर गेले. आता तिथे नक्कल करून दाखवतील.

२६ जुलै

वजन तेच. लिहिण्यासारखं काही नाही.

११ ऑगस्ट

यांचं काहीतरी बिनसलंय. भजी केली, हात लावला नाही. शकुबाईंनी वडे पाठवले, ते गिरणीवरच्या माणसाला देऊन टाकले. पूर्वी वड्यांवर कसे तुटून पडायचे! माझ्या हातचं आता यांना गोड लागत नाही, दुसरं काय. बायको जाडी, तिच्या हातचं तळणही नको. एवढा राग आहे तर तोंडानं बोला ना.

पावडर मात्र रोज घेतात. डबे संपवायचा चंग बांधला असेल, म्हणजे माझा धंदा आटोपेल.

औषधाच्या दुकानातला निकेश रस्त्यात भेटला. "काकू, भाऊ गोळ्या न्याले आलेच नाईत. दोन महिने झाले असतीन." मी म्हटलं, आणल्या असतील चंद्रपूरहून, नाही तर दिव्यानं पाठवल्या असतील. आमची दिव्या नागपूरला शिकते, तिथे गोळ्या स्वस्त मिळतात. यांना इथे निकेशकडून न्यायला काय होतं, पोराचं दुकान नवीन आहे. पण नाही, चिक्कूपणा अंगातच आहे.

३ सप्टेंबर

पोळ्याला दिव्या आली होती. आज मटण केलं. यांनी आपल्या ताटातल्या फोडी उचलून दिव्याच्या ताटात टाकल्या आणि वरणभात खाल्ला. दिव्यानं विचारलं, "बाबा, बरे आहा ना?"

"बरा आहो. तुया आईचं पथ्य चालू आहे."

दिव्या हसली, मी नाही हसले. पोरीसमोरही टोमणा मारायचा सोडत नाहीत.

२२ सप्टेंबर

आज समाजभवनात शिबिर झालं. तीन महिन्यांचा निकाल. मॅडम गाडीनं आल्या, फीत कापली, रक्त तपासायला चंद्रपूरहून पोरगं आणलं होतं. जूनमध्ये सगळ्यांचं एकदा तपासलेलंच होतं, तेव्हा हेही ओढूनताणून आले होते.

शकुबाईंचं कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. रुखमाबाईंनी शेवटी माझ्याचकडून पावडर घेतली होती, त्यांचंही उतरलं. फार नाही, पण उतरलं. टाळ्या झाल्या. मॅडमनी मला पुढे बोलावलं, माइक हातात दिला. 'पुढे या' असं मला कोणीतरी म्हणालं! मी बोलायला लागणार तेवढ्यात त्या पोरानं यांचा कागद वाचला. जूनमध्ये वाईट कोलेस्टेरॉल ऐंशी होतं. आता एकशे सत्तर.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. घरचा माणूस, रोज पावडर घेणारा, आणि दुपटीच्या वर! मॅडमच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. मागून कोणीतरी म्हणालं, "घरच्यालेच लागू नाई पडली."

मी माइकवरच ओरडले, "काय खाऊन राह्यले तुमी बाहेर? खरं सांगा!"

हे खुर्चीवर बसले होते. माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग लोकांकडे. मग कान धरून म्हणाले, "खाल्लं बाप्पा. बाजाराच्या दिवशी मटण हाणतो मी हॉटेलात. अन् भजे. तिच्या पावडरीचा काई दोष नाई."

लोक हसले. मॅडम पण हसल्या आणि म्हणाल्या, "पाहिलंत? शिस्त नसेल तर पावडर काय करणार?" त्यानंतर बरेच डबे गेले.

घरी येताना मी दहा पावलं पुढे चालले. म्हणजे घरचं मटण मुलीच्या ताटात आणि बाहेर हॉटेलात हाणायचं. मला वाटलंच होतं.

रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "पथ्य नाई मोडलं मी." लोकांसमोर एक आणि घरात दुसरं. मी ताट उचलून आत गेले.

६ ऑक्टोबर

मॅडमनी मला 'स्टार' केलं. छातीला लावायचा बिल्ला आलाय. वजन अर्धा किलो कमी, तेही बहुतेक चप्पल काढून उभी राहिले म्हणून.

२७ ऑक्टोबर

दिवाळीची साफसफाई. हे वरचे डबे काढायला स्टुलावर चढले आणि उतरून बसूनच राहिले. घाम आला होता. "गॅस झाला," म्हणाले. डावा खांदा चोळत होते. मी म्हटलं, गॅस नाही होणार तर काय, बाजारात भजी हाणा अजून. तरी पण दया आली. पोट साफ होईल म्हणून पावडरचा एक गिलास जास्तीचा दिला. मुकाट्यानं प्यायले.

डॉक्टरकडे जाऊन या म्हटलं तर म्हणाले, नवा धान गिरणीवर येऊ दे, मग जातो.

१९ नोव्हेंबर, चंद्रपूर

पाच दिवस झाले. आज लिहू शकते आहे, कारण दिव्या त्यांच्याजवळ बसली आहे आणि मला बाहेर बाकावर बसायला सांगितलंय.

चौदा तारखेला दुपारी गिरणीवरचा माणूस पळत आला. हे धानाच्या पोत्यांवर आडवे पडले होते, तोंड राखेच्या रंगाचं. गिरणी चालूच होती, कोणी बंदच केली नव्हती, कोंडा उडत होता आणि त्यांच्या भुवयांवर बसत होता. मी पदरानं तो पुसत राहिले. ॲम्ब्युलन्समध्ये पण पुसत होते, तेव्हा उरलाही नव्हता.

स्टेंट आतून बंद झाला होता. दुसरा टाकला. हृदयाचा काही भाग गेला तो गेला, परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता जड काम नाही, जिना नाही. गिरणी तर नाहीच.

पण मला लिहायचंय ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. तरुण आहेत, मऊ बोलतात. मला विचारलं, गोळ्या नियमित चालू होत्या ना? मी म्हटलं, हो, एक दिवस चुकत नाहीत. तेवढ्यात हे पलंगावरून बोलले. नळी लावलेली होती, आवाज बारीक.

"गोळ्या बंद आहेत साहेब."

"कधीपासून?"

"पावडर सुरू केली तवापासून. जुलैपासून. पथ्य आहे ना तिचं, गोळीसंग चालत नाई." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "एकही दिवस नाई मोडलं. विचारा हिले."

शाळेतलं पोरगं पाठ म्हणून दाखवतं ना, तसा चेहरा होता त्यांचा.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. म्हणाले, पावडर वाईट नाही, थोडाफार फायदा करते, पण ती गोळीच्या जागी चालत नाही. गोळीसोबतच घ्यायची असते, फक्त मध्ये अंतर ठेवायचं. "तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?"

सांगितलं होतं. मला सांगितलं होतं, कागदावर होतं, मी वाचलं होतं. मी 'अंतर' खाल्लं आणि 'चालत नाई' तेवढं ठेवलं, कारण त्यानं डबे विकले जात होते. आणि ज्या घरात जडी रुसते म्हणून तापात तळमळणारा माणूस राहतो, त्या घरात मी ते पोळ्या लाटता लाटता, मान न वळवता सांगितलं. त्यांनी 'नक्की?' म्हणून विचारलं होतं. मी ओरडले होते.

दिव्यानं सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, तू त्याइले असं काऊन सांगतलं?" मला तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

२१ नोव्हेंबर

आज त्यांना थोडं बरं वाटतंय. मी विचारलं, मटणाचं काय होतं मग? कोणत्या हॉटेलात खाल्लं?

"कुठी खाल्लं व," म्हणाले. "लोकं तुयाकडं पाहून राह्यले होते. काईतरी सांगा लागे."

"अन् मे महिन्यात मांडवात हसले ते?"

त्यांना आठवायलाच वेळ लागला. मग म्हणाले, "सगळे हसले म्हणून हसलो. बेकूब आहो मी."

मला संताप आला. त्यांचा, माझा, रुखमाबाईंचा, त्या फोटोग्राफरचा. पाच महिने मी या माणसाला रोज या वहीत शिव्या दिल्या आणि हा माणूस माझ्या एका अर्ध्या वाक्यासाठी भजी सोडून, वडे सोडून, गोळ्या सोडून मरायला बसला होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि खूप रडले.

२४ नोव्हेंबर

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, त्यांनाही वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं, "तू कोणाला लिहून काही दिलेलं नाहीस ना? सगळं तोंडीच आहे ना?"

मी फोन ठेवला. बिल्ला हॉस्पिटलच्या कचऱ्यात टाकला. तीन चांगल्या गोष्टींपैकी आज ही एकच.

२८ नोव्हेंबर

दोन दिवसांसाठी गोंडपिपरीला आले. आल्या आल्या, चहा न घेता, शकुबाईंकडे गेले. त्यांना बीपीची गोळी आहे. या बाईला काही झालं असतं तर? रुखमाबाईंना साखरेची गोळी आहे. अजून कितीजणांना मी तेच वाक्य सांगितलं, आवाज खाली आणून.

"शकुबाई, गोळी बंद केली का तुमी? मी म्हटलं होतं, पावडर गोळीसंग चालत नाई..."

शकुबाई हसल्याच. "अवो बाई, पथ्य कोण पाळते? पथ्य आयकाचं असते. मी त दोनी एकाच घोटात घेत होती. वडे बी खात होती. अन् पावडर त दसऱ्यालेच सोडली, तुले सांगाले लाज वाटे."

रुखमाबाईंकडे गेले. त्यांनी डबा फोडलाच नव्हता. "तुयाकडून घेतला बस, घरचा धंदा म्हणून." मग त्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं ते कशानं? मी विचारलं नाही.

सगळी घरं फिरले. कोणी अर्धा डबा घेतला होता, कोणी सुनेला दिला होता, एकानं गाईला घातली होती. गोळी कोणीच सोडली नव्हती. देवाची कृपा म्हणायची. माझा शब्द पूर्ण गोंडपिपरीत एकाच माणसानं खरा मानला, आणि तो माणूस माझी थट्टा करतो असं मी समजत होते.

कपाटावरचा फोटो सुलटा केला. मी मागे आहे, अर्धीच दिसते. पुढे हे हसताहेत, पण मान मागे वळलेली आहे. बहुतेक मी कुठे गेले ते बघत होते. की मला आता तसं वाटतंय, कोण जाणे.

३ डिसेंबर

काल घरी आणलं. अंगणातून आत येईपर्यंत दोनदा थांबले. गिरणीकडे बघितलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद करून दिलाय. एकही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, चुकली तर या वेळी वाचणार नाहीत, असं त्यांच्यासमोरच सांगितलं. त्यांनी मान हलवली होती. मला वाटलं, झालं.

आज सकाळी गोळ्या आणि पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "पयले पावडर दे."

"पावडर बंद. मी तो धंदा सोडला."

"काऊन? पावडरीनंच त वाचलो. डॉक्टर म्हणे, दुसरा असता त गेला असता. चार महिने पथ्य पाळलं, ते कुठी जाइन?"

मी म्हटलं, अवो, गोळ्या बंद केल्या म्हणूनच अटॅक आला. चांगलं समजावून सांगितलं. दिव्यानं फोनवरून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गोळ्या हळूच बाजूला सरकवल्या.

"डॉक्टरले पावडरीचं काय मालूम? ते शहरातले. तू सांग, पथ्य काय आता?"

"काईच पथ्य नाई! सगळं चालते, गोळ्या बी चालतात!"

त्यांनी मान हलवली. "पथ्य नाई त औषध कायचं व," म्हणाले, अगदी समजुतीनं. अटॅकला घाबरून मी आता काहीही सांगते आहे, असंच त्यांना वाटत होतं. गोळ्या तिथेच राहिल्या. नवाचे दहा झाले. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मला कळलं की या माणसाला मी खरं सांगून वाचवू शकत नाही.

शेवटचा डबा माळ्यावर होता. काढला. गिलासात पावडर ढवळली, झाकून ठेवली. गॅस बंद केला, हात पुसले आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. आवाज खाली आणला.

"आयका. खरं पथ्य मी तुमाले सांगतलंच नव्हतं. चुकलं माझं. ही पावडर रुसते. आधी गोळ्या घ्याच्या, मंग दोन घंटे थांबाचं, मंगच पावडर प्याची. एक बी गोळी चुकली, त पावडर अंगाले लागत नाई. उलटते."

ते माझ्याकडे बघत होते. किती दिवसांनी मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघत होते. डोळ्यांखाली काळं झालंय, गाल ओघळलेत.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी सगळ्या गोळ्या एकेक करून तळहातावर घेतल्या, मोजल्या, तोंडात टाकल्या, पाणी प्यायले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि दोन तास कधी होतात ते बोटांवर मोजलं. आता मरेपर्यंत एकही गोळी चुकणार नाही, मला माहीत आहे.

तांब्या खाली ठेवून, राग नाही काही नाही, सहज म्हणाले, "हे तू पयलेच सांगतलं असतं, त मी पाळलं असतं ना व."